बोअर, नारळ आणि पाताळगंगा: मराठवाड्यातून पुन्हा पुन्हा येणारे भूजलाचे प्रश्न

मी भूवैज्ञानिक आहे, बालाघाटाच्या पायथ्याच्या गावात वाढले आणि गेली बरीच वर्षं विहिरी, बोअर, नाले हेच काम करते. फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात ते मृगापर्यंत थांबत नाहीत, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, बीडचा माणूस असो की परभणीचा. म्हणून इथं एकत्र लिहून ठेवलेत. बोअर घ्यायच्या आधी वाचा, बोअर मारणारी गाडी दारात उभी राहिल्यावर वाचून उपयोग नाही. आमच्या घरी एका उन्हाळ्यात तीन बोअर झाले, तिन्ही कोरडे, आणि आईच्या पाटल्या गेल्या. हे सगळं लिहिण्यामागं तेच आहे.

१. ताई, जमिनीखालून पाण्याच्या नद्या वाहतात ना? आमच्या गावाखालून पाताळगंगा जाते असं म्हणतात.

आपल्या मराठवाड्यात तरी नाही. जमिनीखाली नदीसारखा पोकळ बोगदा आहे आणि त्यात खळखळ पाणी चाललंय असं चित्र डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका कारण पुढच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. चुनखडीच्या प्रदेशात, जसं मेघालयात, खडक विरघळून गुहा होतात आणि तिथं खरोखर पाण्याचे प्रवाह असतात. आपला खडक लाव्ह्याचा, तो तसा विरघळत नाही. आपल्याकडं पाणी असतं ते भेगांमधे, फटींमधे, मऊ झालेल्या मुरमात. मुरलेलं पाणी हळूहळू उताराकडं सरकतं हे खरं, पण वाहणं म्हणावं असा तो वेग नाही.

२. मग पाणी नेमकं कुठं असतं? झरा म्हणतात तो काय असतो?

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा बाहेर आला, पुन्हा पुन्हा आला, आणि एकावर एक थर साचत गेले. अजिंठ्याच्या नाहीतर वेरूळच्या डोंगरात ते थर आडव्या पट्ट्यांसारखे उघडे दिसतात, तेच आपल्या शेताखालीही आहेत. वर काळी माती, त्याखाली मुरूम म्हणजे झिजलेला खडक, मग कुठं मांजऱ्या लागतो तर कुठं काळा पाषाण. लाव्हा थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडक छिद्राछिद्रांचा झाला, तो मांजऱ्या, आणि मधला भाग गच्च बसला तो काळा पाषाण. दोन थरांच्या सांध्यात कधीकधी भाजल्यासारखी तांबडी माती लागते, गेरूसारखी, बोअरच्या चुऱ्यात ती लगेच ओळखू येते.

पाणी धरतो तो मुरूम, भेगाळलेला खडक आणि दोन थरांमधला सांधा. काळ्या पाषाणाला भेगा नसतील तर त्यात थेंब नाही. मांजऱ्याचंही असं आहे की बऱ्याच ठिकाणी त्याच्या छिद्रांत पांढरी खनिजं भरून गेलीत, त्यामुळं दिसायला सच्छिद्र पण पाण्याला बंद. विहिरीत एका बाजूने धार येते तिला आपण झरा म्हणतो, ती म्हणजे एक भेग, आणि त्या भेगेच्या मागं आजूबाजूच्या शिवारात साठलेलं पाणी आहे. झऱ्याचं स्वतःचं पाणी नसतं.

एक आकडा लक्षात ठेवा. भूजलाच्या हिशोबात आपल्या बेसॉल्टमधून, म्हणजे या लाव्ह्याच्या खडकातून, निथळून मिळणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एका एकराखालची पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली तर हाताला लागतं फक्त ऐंशी हजार लिटर. तासाला पाच हजार लिटर फेकणारी मोटर आठ तास चालवली की दोन दिवसांत ते संपलं.

३. नारळ उभा राहतो, काडी फिरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही ते खोटं कसं म्हणता?

नारळ उभा राहतो हे मी खोटं म्हणत नाही, मीही बघितलंय, लहानपणी आमच्याच रानात. प्रश्न आहे तो कशामुळं उभा राहतो हा. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ नाहीतर दोन हातांत ताणून धरलेली कडुलिंबाची काडी, दोन्ही अशा तोलात असतात की स्नायूंची बारीकशी हालचालसुद्धा त्यांना फिरवते, आणि ही हालचाल माणसाच्या नकळत होते. पाणाड्या, म्हणजे नारळ नाहीतर काडी धरून पाण्याची जागा सांगणारा माणूस, मुद्दाम फसवतो असं माझं मुळीच म्हणणं नाही, मला भेटलेले बरेच पाणाडे मनापासून ते करतात.

पण तपासून बघितलं की ते टिकत नाही. १९९० साली जर्मनीतल्या कासेल इथं तीस पाणाड्यांची परीक्षा घेतली होती, जमिनीत पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच ओळखायचं होतं, आणि अट सगळ्यांना आधी मान्य होती. निकाल नाणं उडवून सांगितल्यासारखाच आला. आणि साधा विचार करा, नारळाला पाणी कळत असेल तर ते पन्नास फुटाला आहे की पाचशे, टिकणारं आहे की आठ दिवसांचं, हेही कळायला पाहिजे. बोअर घेणाऱ्याला तेच तर हवं असतं.

४. पण आमच्या भागातल्या पाणाड्याने सांगितलेले दहापैकी सात पॉइंट लागले, त्याचं काय?

दोन गोष्टी. एक म्हणजे अनुभवी पाणाडा शिवार ओळखतो, तो माळाच्या टोकाला नारळ धरतच नाही, खाली सखल भागात, ओढ्याच्या जवळ, जिथं आधीच्या विहिरी चालतात तिथं फिरतो. अशा जागी नारळाशिवाय बोअर घेतलं तरी थोडंफार पाणी बऱ्याचदा लागतंच. त्याचा हा अनुभव खरा आहे आणि त्याला मी मान देते, श्रेय फक्त नारळाला जातं. दुसरं, लागलेलं बोअर गावभर सांगितलं जातं, कोरड्या बोअरवर दगड ठेवून माणूस गप्प बसतो. तुमच्या गावातले गेल्या दहा वर्षांतले सगळे बोअर, फेल गेलेले धरून, एका वहीत लिहून काढा आणि मग बघा. मी तीन गावांत हे केलंय आणि दर वेळी लोकांनाच धक्का बसला.

५. उंबर, जांभूळ, वारूळ असलं की खाली पाणी असतं हे तरी खरं ना?

थोडं खरं. काही झाडं उन्हाळ्यातही हिरवीगार राहतात, त्यांची मुळं ओलाव्यापर्यंत गेलेली असतात, आणि अशी झाडं एका सरळ रेषेत दिसली तर खाली भेगाळलेला पट्टा असू शकतो, मी स्वतः रानात गेले की हे बघते. वारुळाला ओलावा लागतो हेही बरोबर. पण हा उथळ ओलावा झाला, विहिरीच्या खोलीचा. चारशे फुटावर काय आहे हे उंबराला कसं कळणार.

६. ३०० फूट झालं, कोरडं हाय, गाडीवाला म्हणतोय आणखी २०० फूट घेऊ, खाली नक्की लागंल. घेऊ का?

हा प्रश्न मला रात्री साडेअकराला फोनवर येतो, मागं कॉम्प्रेसरचा आवाज चालू असतो, आणि माणसाला उत्तर ‘घ्या’ असंच ऐकायचं असतं. मी नेहमी ‘थांबा’ म्हणते.

जितकं खोल तितकं जास्त पाणी हा आपल्या भागातला सगळ्यात महागात पडणारा समज आहे. आपल्याकडं होतं उलटं. वरचा थर झिजलेला, भेगाळलेला, तिथं पाणी मुरतं आणि साठतं. जसजसं खाली जाल तसा वरच्या खडकाचा भार वाढतो, भेगा मिटत जातात, कमी होतात. खाली एखादा सांधा लागतो कधी, पाणी मिळतंही, पण ते बहुतेक वेळा वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं आणि एकदा उपसलं की लवकर भरून येत नाही (प्रश्न ८ बघा).

लोक म्हणतात अजून खाली समुद्र आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं मुद्दाम खोल छिद्र घेऊन बघितलं, सहाशे मीटरच्या पुढं गेले होते. लाव्ह्याचे थर साधारण ३४० मीटरला संपले, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग जुना, गच्च, कोट्यवधी वर्षांचा पायाचा खडक. समुद्र नाही, नदी नाही.

आणि गाडीवाल्याचं गणित समजून घ्या. बरेच लोक म्हणतात गाडी तमिळनाडूची, तिरुचेंगोडेची, त्यांना काय ते माहीत असतं. त्यांना खडक फोडायची कला येते, उत्तम येते, पण त्यांचे पैसे फुटावर असतात, एजंटचंही कमिशन फुटावर. पाणी लागो न लागो फूट मोजले जातात. यात त्यांची बेइमानी शोधायची गरज नाही, धंदाच तसा आहे, म्हणून किती फुटाला थांबायचं हे गाडी यायच्या आधी तुम्ही ठरवा, कागदावर लिहा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की मी पुढं जायला लागलो तर अडव. आसपासच्या चालू बोअरना किती फुटाला पाणी लागलंय ते विचारून त्यात थोडी भर घालून आकडा ठरवायचा, बस.

७. मशीनने बघितलं की शंभर टक्के पाणी सांगतात का?

नाही. खरी पद्धत असते ती विद्युत रोधाची, म्हणजे जमिनीत चार सळ्या ठोकून करंट सोडायचा आणि खालचे थर तो किती अडवतात ते मोजायचं. त्यावरून झिजलेला खडक कुठवर, घट्ट कुठून सुरू याचा अंदाज येतो. अंदाजच. ओल्या खडकाचा आणि नुसत्या ओल्या चिकणमातीचा आकडा सारखाच येऊ शकतो, म्हणून आकड्यासोबत आजूबाजूच्या विहिरी, उतार, नाल्याची दिशा हे सगळं बघावं लागतं. हातात अँटेनासारखं काहीतरी धरून बीप वाजवणारं आणि ‘३८० फुटाला अडीच इंच’ असं खोली फुटात आणि पाण्याची धार इंचात सांगणारं यंत्र घेऊन कोणी आलं तर पैसे देऊ नका. तसं सांगणारं यंत्र नाहीये.

८. दोन इंच पाणी लागलं होतं, पेढे वाटले, दोन महिन्यांत मोटर हवा ओढायली. पाणी कुठं गेलं?

पाणी कुठं गेलं नाही, तेवढंच होतं. गाडी चालू असताना कॉम्प्रेसरची हवा आत सोडून पाणी जोरात बाहेर फेकलं जातं, ते भेगेत साठलेलं पाणी एकदम वर येतं आणि सगळ्यांना भरपूर वाटतं. तो जोर म्हणजे त्या बोअरची कायमची ताकद नव्हे. डबा पहिल्यांदा उघडल्यावर वरपर्यंत भरलेला दिसतो, पण त्यात रोज किती भरलं जातंय हे त्यावरून कळत नाही, तसं.

खरी ताकद बघायची तर मोटर टाकून सलग काही तास पाणी उपसा, दर अर्ध्या तासाला दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोबाइलवर मोजा आणि लिहा. वेळ वाढत गेला की समजायचं पातळी पडतेय. मग मोटर बंद करून पाणी पुन्हा मूळ पातळीला यायला किती वेळ लागतो ते बघा. हे उन्हाळ्यात करा, दिवाळीत केलेली चाचणी मे महिन्याचं काही सांगत नाही. आणि हे झाल्याशिवाय बोअरच्या जिवावर नवीन बाग लावू नका, मोसंबीची झाडं पाचव्या वर्षी वाळताना बघणं फार वाईट असतं, जालन्याच्या बाजूला २०१२-१३ च्या दुष्काळात माणसं डोळ्यांत पाणी आणून स्वतःच्या हाताने बागा तोडत होती.

९. शेजाऱ्याने बोअर घेतलं आणि आमची पन्नास वर्षांची विहीर आटली. हे खरंच होऊ शकतं की योगायोग?

होऊ शकतं, आणि आपल्याकडं नेहमी होतं. विहीर चाळीस-पन्नास फुटांची, तिचं पाणी वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या थरात. त्याच थराला भोक पाडून बोअर खाली गेलं की दोन गोष्टी घडतात. बोअरची मोटर तेच पाणी ओढते. आणि दुसरी जी लोकांच्या लक्षात येत नाही ती अशी की वरचं पाणी ज्या घट्ट किंवा तांबड्या थराने अडवून धरलं होतं त्यालाच भोक पडल्यामुळं ते बोअरमधून खालच्या कोरड्या भेगांत निघून जातं, मोटर बंद असली तरी. फेल गेलेलं बोअरसुद्धा असं शेजारच्या विहिरीचं पाणी गळून नेऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप, नुसतं मातीपुरतं न टाकता मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंत नेणं आणि बाहेरची फट नीट बुजवणं.

पण दर वेळी शेजारीच दोषी असतो असंही नाही. त्याच वर्षी पाऊस कमी झाला असेल, गावात वीस नवीन बोअर झाले असतील तर एकट्याला धरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजा, शेजाऱ्याची मोटर चालू असताना आणि बंद असताना तुमच्या विहिरीत काय फरक पडतो ते बघा, मग बोला.

१०. माझ्या सातबाऱ्यातलं पाणी माझं, मी कितीही खोल जाईन. कायदा काय म्हणतो?

खडकाला सातबारा कळत नाही हे वरच्या उत्तरावरून लक्षात आलंच असेल. कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला (यात बोअर आलंच) ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि शेती व उद्योगासाठी अशा खोल विहिरी घ्यायला मनाई करण्याची तरतूद आहे. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावरही बंधन आहे. गावोगाव सहाशे-आठशे फुटांची बोअर होतात हे मलाही दिसतं आणि फार वाईट वाटतं.

११. यंदा पाऊस चांगला झाला, ओढे वाहिले, तरी बोअरला पाणी येईना गेलंय. असं का?

पडलेला पाऊस आणि मुरलेला पाऊस यात फार मोठं अंतर आहे. हिशोब करू. आपल्याकडं वर्षाला सरासरी सातशे मिमीच्या आसपास पाऊस धरला तर एका एकरावर अठ्ठावीस लाख लिटर पाणी पडतं. यातलं बहुतेक वाहून जातं, बाष्प होऊन उडतं, पिकं घेतात. भूजलाच्या हिशोबात झिजलेल्या बेसॉल्टमधे ७ टक्के आणि भेगाळलेल्या सच्छिद्र बेसॉल्टमधे १३ टक्के पाऊस मुरतो असं धरतात. म्हणजे एकरी दोन ते साडेतीन लाख लिटर. बस एवढीच वर्षाची जमा.

त्यात आपली काळी माती. जूनच्या पहिल्या पावसात भेगांमधून थोडं आत जातं, मग माती फुगते, भेगा बंद होतात आणि ती स्वतःच पाणी धरून बसते. ती पूर्ण भिजल्यावर जे वर उरतं ते खाली सरकतं, म्हणून आपल्याकडं खरी भर पडते ती बहुतेक ऑगस्टनंतर, परतीच्या पावसात. एका रात्रीत शंभर मिमी पडला आणि पुढं वीस दिवस उघडीप, असा पाऊस आकड्याला चांगला दिसतो पण बोअरच्या कामाचा कमी. संथ, चार दिवस लागून राहिलेली झड जास्त कामाची.

आणि तुमचं बोअर चारशे फुटाचं असेल तर तिथवर पाणी झिरपायला एक पावसाळा पुरेलच असं नाही. आधी विहिरी भरतात.

१२. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, म्हणजे लातूरखालचं पाणी कायमचं संपलं होतं का?

नाही. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. शहराची भिस्त मांजरा धरणावर, ते आटलेलं, आणि सलग वर्षं पाऊस कमी पडल्यामुळं बोअरही गेलेले. त्याच वर्षी पुढं पाऊस झाला, धरण भरलं, विहिरींनाही पाणी आलं. आपलं भूजल म्हणजे दरवर्षी थोडं भरणारी आणि दरवर्षी रिकामी होणारी छोटी टाकी आहे. ती कायमची संपत नाही तशी ती दोन दुष्काळांना पुरेल एवढी मोठीही नाही. मला काळजी वाटली ती नंतरच्या वर्षी, जेव्हा भरलेल्या विहिरी बघून पुन्हा ऊस वाढला.

१३. सगळे उसालाच का शिव्या देतात? आम्ही तर ठिबक केलंय.

शिव्या नाही, हिशोब. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन हजार मिमीच्या आसपास पाणी लागतं. सगळा पाऊस त्यालाच मिळाला असं धरलं तरी एकरी पन्नास लाख लिटरच्या वर पाणी जमिनीतून नाहीतर धरणातून द्यावं लागतं. प्रश्न ११ मधला आकडा आठवा, एका एकरात मुरतं दोन ते साडेतीन लाख. म्हणजे बोअरवरच्या एक एकर उसामागं पंधरा ते पंचवीस एकरांत मुरलेलं पाणी जातं, आणि ते बाकीचे एकर बहुतेक दुसऱ्या कोणाचे तरी असतात, ज्याच्याकडं सोयाबीन आणि तूर आहे आणि बोअर नाही.

ठिबक चांगलंच, जरूर करा. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर जमिनीतून उपसा तेवढाच राहिला, कधी वाढलाही, कारण पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरत होतं तेही आता थांबलं. ऊस लावणारा माणूस वाईट नाही, त्याला हमखास भाव मिळतो आणि कारखाना गाडी पाठवतो, हे मला समजतं. पण पाणी किती लागतं हा आकडा त्यामुळं बदलत नाही.

१४. नाला जितका खोल आणि रुंद तितकं पाणी जास्त मुरतं ना? आमच्याकडं जेसीबी लावून वीस फूट खोल केलाय.

हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण लोकांनी घाम गाळून, वर्गणी काढून केलेल्या कामांतून नुकसान झालेलं बघितलंय.

आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यानंतर नाला शेतांना पाणी देत नाही, शेतंच नाल्याला पाणी देतात. दोन्ही बाजूंच्या मुरमात साठलेलं पाणी हळूहळू नाल्याकडं निथळतं, म्हणून दिवाळीपर्यंत ओढा झुळझुळ वाहतो. आता नाला त्या पाण्याच्या पातळीच्याही खाली खोदला तर काय होणार, शेतातलं पाणी जास्त जोरात नाल्यात उतरणार, तळ्यासारखं उघड्यावर साठणार आणि उन्हात उडून जाणार. बघणारा म्हणतो वा, नाल्यात केवढं पाणी थांबलंय. ते तुमच्या विहिरीचंच पाणी असतं. आणि खाली कठीण पाषाण लागला असेल तर तिथून काही मुरतच नाही.

साचलेला गाळ काढणं हे चांगलं काम, तो शेतात नेऊन टाकणं अजून चांगलं. पण गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या खोल-रुंद केलेल्या नाल्यांचं उदाहरण सगळे देतात, तिथं तापीच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, तो पाणी वेगळ्या पद्धतीने घेतो. आपल्या अंबाजोगाईच्या नाहीतर भूमच्या माळावर तेच डिझाइन उचलून आणलं तर तसंच होईल हे कशावरून. आधी माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले), बांध, झाडं, मग उतारावरचे छोटे बंधारे आणि सगळ्यात शेवटी नाला. पाणी जितकं वर अडवाल तितकं ते जास्त काळ जमिनीत राहतं.

१५. शेततळं बोअरच्या पाण्यानं भरून ठेवलं तर काय हरकत?

हरकत मोठी आहे. जमिनीत पाणी सावलीत असतं, ते वर काढून उन्हात ठेवायचं कशाला. आपल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडतं. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर, काहीही न वापरता. खाली प्लास्टिक असल्यामुळं परत मुरण्याचा प्रश्नच नाही. वाहून जाणारं पावसाचं पाणी त्यात भरा, त्यासाठीच ते आहे.

१६. फेल गेलेल्या बोअरमधे पावसाचं पाणी सोडून पुनर्भरण करू का? आणि नसेल करायचं तर त्या भोकाचं काय करायचं?

करता येतं, पण बोअरमधे थोडीतरी भेग लागलेली असली पाहिजे. टँकरभर पाणी ओतून बघा, उतरत असेल तर उपयोग आहे, तसंच उभं राहिलं तर नाही. शेतातलं गढूळ पाणी थेट आत सोडू नका, चार पावसांत गाळाने भेगा बुजतात आणि त्यासोबत खत, कीटकनाशक थेट पिण्याच्या पाण्यात जातं. छपराचं पाणी सगळ्यात चांगलं. बोअरभोवती खड्डा, त्यात मोठे दगड, खडी, वाळू असे थर आणि केसिंगला बारीक छिद्रं करून वर जाळी, एवढं तरी करायचंच. जवळ उकिरडा, गोठा, संडास असेल तर तिथं पुनर्भरण करूच नका.

नसेल करायचं तर बोअर त्याच दिवशी बंद करा, पोतं आणि दगड ठेवून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधे याबद्दल सूचना दिलेल्या आहेत, सोडून दिलेलं बोअर माती-दगड-वाळूने जमिनीपर्यंत भरायचं, आणि चालू बोअरला वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टचं लोखंडी झाकण पाहिजे. लहान लेकरू त्या सहा इंची भोकात जाऊ शकतं. पैसे बुडाल्याच्या रागात, निराशेत माणूस पाठ फिरवून घरी जातो हे मला माहीत आहे, तरी त्या दिवशी एवढं करा.

१७. खोल बोअरचं पाणी शुद्ध असतं, गाळायची गरज नाही, बरोबर ना?

स्वच्छ दिसतं म्हणजे शुद्ध असं नाही. वरच्या पाण्यात जंतू आणि नायट्रेटची भीती जास्त, खताची आणि सांडपाण्याची. खोल पाणी खडकाच्या संगतीत जास्त काळ राहिलेलं असतं, त्यात क्षार जास्त विरघळतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ च्या वर नको आणि फ्लोराइड १ पर्यंत, अगदी नाइलाजाने दीड. नायट्रेट आणि फ्लोराइडला चव नाही, वास नाही, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाणी तपासून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळं थोडे वाढतात.

१८. आम्ही देगलूरकडचे, आमच्याकडं काळा दगड नाही, लालसर-पांढरा खडक आहे. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

अर्धं लागू होतं. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर, बिलोली, किनवट या बाजूला लाव्ह्याचं आवरण संपतं आणि ग्रॅनाइटसारखा जुना खडक वर येतो. त्यात आडवे थर नाहीत, मांजऱ्या नाही, प्रश्न २ मधलं वर्णन तिथं चालणार नाही. तिथं पाणी झिजलेल्या वरच्या भागात आणि उभ्या-तिरप्या भेगांत, त्यामुळं दहा पावलांवर नशीब बदलतं, एका बोअरला भरपूर आणि बाजूचं ठणठणीत. खोल गेल्यावर भेगा कमी होतात हे मात्र तिथंही खरंच. आणि तुमच्याकडं फ्लोराइडची तपासणी जास्त महत्त्वाची, या खडकातून ते पाण्यात उतरतं. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील तर ती तंबाखूची नाहीतर दात न घासल्याची खूण समजून त्यांना रागावू नका, आधी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत द्या.

१९. मग विहीर घ्यावी की बोअर?

मुरूम जाड असेल, शेत सखल भागात असेल तर विहीर. तिच्यात पाणी साठतं, रात्रभर झिरपून सकाळी उपसता येतं, डोळ्यांनी पातळी दिसते, आणि दिसते म्हणून माणूस जपून वापरतो. जुन्या विहिरीला पाणी कमी पडत असेल तर खाली बोअर मारण्याआधी विहिरीच्या भिंतीतून आडवे बोअर घेऊन बघा, त्याच पाणीधर थरातल्या जास्त भेगा विहिरीला जोडल्या जातात आणि खर्चही कमी. विहिरीच्या तळात उभं बोअर मारलं तर प्रश्न ९ मधल्यासारखं आहे ते पाणी खाली निघून जायचा धोका असतो. माळावर, पातळ मुरमावर विहिरीत अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर तिथं बोअरमधेही बहुतेक वेळा नाही. हे सांगताना समोरचा माणूस कसा बघतो ते मला दर वेळी सहन होत नाही, त्याला मुलीच्या लग्नाआधी एक पीक भिजवायचं असतं. तरी मी तेच सांगते, आणि मग बसून त्याच्यासोबत कोरडवाहूचा हिशोब मांडते, छपराचं आणि उताराचं पाणी कुठं अडवता येईल, तुरीला एक संरक्षित पाणी कसं देता येईल, याचा.